अनेस्तिसची जांभई

अनेस्तिसने जांभई दिली की समोरचा माणूस बरा व्हायचा. ग्रीसमधल्या कावाला शहराच्या जुन्या जलसेतूखालच्या गल्लीत ही गोष्ट कुणी सिद्ध केली नव्हती, पण कुणी नाकारलीही नव्हती. आणि जिथे रविवारची मासळी कुणाकडून घ्यावी यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद होतात, तिथे एवढं एकमत म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

दृष्ट काढायची प्रार्थना त्याला आजीने दिली होती. ती बाईने पुरुषाला द्यायची आणि पुरुषाने बाईला. बाईने बाईला दिली तर शब्द राहतात, पण त्यांतला जीव जातो. आजीला नातू दोनच, आणि त्यातला एक स्टुटगार्टला जाऊन तिथल्याच बायकोच्या धाकात राहिलेला, त्यामुळे निवडीचा प्रश्नच आला नाही. बशीत पाणी घ्यायचं, तेलाचे थेंब सोडायचे, शब्द मनातल्या मनात म्हणायचे आणि शेवटी थू-थू-थू करायचं. दृष्ट लागलेली असली तर काढणाऱ्याला जांभई येते. जेवढी दृष्ट जबर, तेवढी जांभई मोठी. अनेस्तिसचा आधी जबडा कडकन वाजायचा, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि मग थासोस बेटाची फेरीबोट धक्क्याला लागताना काढते तसला आवाज निघायचा. समोरच्याची निम्मी डोकेदुखी त्या आवाजानेच पळायची. मागच्या गल्लीतही एक बाई दृष्ट काढत असे, पण तिची जांभई हाताआड मावायची. अनेस्तिस तर बशी हातात घेण्याआधीच सुरू व्हायचा. लोक म्हणायचे, काय शक्ती आहे बघा, माणूस दारात उभा राहिला की याला कळतं.

एरवी त्याच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागात खिडकीमागे बसून तो शिक्के मारायचा. कचेरीत त्याचं नाव ‘तो खिडकीवाला’ असं होतं. पण संध्याकाळी गल्लीतल्या कॉफीच्या दुकानात तो शिरला की कुणीतरी उठून खुर्ची द्यायचं, आणि सणावाराला घरी पिठीसाखरेत घोळलेल्या कुराबिएदेस बिस्किटांच्या इतक्या बश्या यायच्या की त्याची बायको दोम्ना त्या लपवून ठेवायची आणि तो शोधून काढायचा. खिडकीमागे गेलेला सगळा दिवस तो त्या एका खुर्चीच्या आशेवर काढायचा.

फक्त तो थकलेला असायचा. आज नाही, उद्या नाही, कायमचा. सकाळी उठायचा तो दमूनच उठायचा, जणू रात्रभर कुणी त्याच्याकडून बंदरावर पोती उचलून घेतली होती. याचं कारण त्याला ठाऊक होतं. लोकांची दृष्ट आपण अंगावर घेतो, ती जाणार कुठे? “व्हायचंच एवढं,” असं तो खाली मान घालून, हुतात्म्याच्या नम्रतेने म्हणायचा. तो असं म्हणाला की दोम्ना छताकडे बघायची.

तर एका सोमवारी एक गृहस्थ पाण्याचं बिल भरायला आले. अनेस्तिसने शिक्का शाईत बुडवला, उलटा धरून त्याची तारीख बघायला गेला आणि तिथेच झोपला. कपाळ शिक्क्यावर आलं. गृहस्थांनी काचेवर टकटक केली तेव्हा त्याने मान वर केली, आणि त्याच्या कपाळावर ठसठशीत ‘भरणा झाला’ असं उमटलं होतं. रांगेतल्या मंडळींनी त्याचे फोटो काढले. ते गृहस्थ आपल्या बिलावर अजून काहीच नाही म्हणून भांडत राहिले, जे त्यांच्या बाजूने बरोबरच होतं.

साहेबांनी बोलावून घेतलं. “अनेस्तिस,” ते म्हणाले, “माझं काही म्हणणं नाही. या कचेरीत झोप काढणं ही परंपरा आहे. पण लोकांना दिसेल अशी नको. काय होतंय ते शोधून काढ.” आणि सगळं बोलणं त्यांनी त्याच्या कपाळाशी केलं.

शोधून काढायचं ठरलं, आणि ठरल्याचं पहिल्या मजल्यावरच्या एव्दोकिया मावशीला कळलं. ही विधवा बाई इमारतीत कुणाचं काय दुखतं याची बित्तंबातमी ठेवायची आणि अनेस्तिसकडे येणाऱ्यांचा क्रम लावून द्यायची. तिने त्याला जिन्यातच गाठलं.

“वारा लागलाय तुला,” ती म्हणाली. “खिडकी आणि दार दोन्ही उघडी टाकून बसतोस. मानेतून शिरतो, पायात उतरतो. माझा दीर असाच गेला.”

“मावशी, तुमचा दीर ट्रकखाली गेला.”

“हो, पण ट्रक दिसला तरी बाजूला होण्याचं त्राण नव्हतं ना त्याच्यात.”

त्याच संध्याकाळी त्याला पालथं पाडून त्याच्या पाठीवर पेले लावण्यात आले. कापसाचा पेटता बोळा पेल्यात फिरवायचा आणि पेला चटकन पाठीला चिकटवायचा, म्हणजे वारा ओढला जातो. पेले कमी पडले म्हणून मावशीने दोम्नाचे पाहुण्यांसाठी ठेवलेले वाइनचे पेले काढले, आणि त्यातला एक असा चिकटला की निघेचना. शेवटी अनेस्तिस पाठीवर पेला घेऊन मावशीच्या मागोमाग खालच्या औषधवाल्याकडे गेला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. औषधवाल्याने पेला सोडवला आणि वर सल्ला दिला, की कॉफी सोडा. गिऱ्हाइकांतला खाटीक म्हणाला, कॉफी नव्हे, ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात चाळीस दिवस मटण सोडता त्याने रक्त पातळ होतं. रोज काळीज खा. काळीज खाल्ल्यावर अनेस्तिसला आम्लपित्त झालं, आणि कॉफी सोडल्यावर तो कॉफीच्या दुकानात बसल्या बसल्या झोपला, जे त्या दुकानाच्या इतिहासात प्रथमच घडलं.

मग सगळ्यांच्या मनात होतं तेच मावशी बोलली. “तुझीच दृष्ट कुणी काढलीय का कधी?”

स्वतःची स्वतः काढता येत नाही. मागच्या गल्लीतल्या बाईकडे जायला अनेस्तिसचा मान आडवा आला. तेव्हा मावशीने गावातल्या आपल्या नणंदेला फोन लावला. दृष्ट फोनवरूनही निघते, माणसाचं नाव सांगितलं की पुरे. फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता. जमलेले सगळे कान देऊन बसले. पलीकडे पुटपुटल्याचा आवाज आला, तेल पडलं, पाणी हललं. जांभई काही ऐकू येईना.

“काही नाही याला,” नणंद शेवटी म्हणाली. “आळशी आहे.”

हे खोलीतल्या सहाजणांनी ऐकलं. अनेस्तिस तडक उठला आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेला. आजार असो वा नसो, आता तो निघालाच पाहिजे होता. कुटुंबाच्या अब्रूचा प्रश्न होता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. लोह ठीक, साखर ठीक, थायरॉइड ठीक. “अभिनंदन,” ते म्हणाले. अनेस्तिसचा चेहरा पडला. अभिनंदन घेऊन गल्लीत कसं जाणार? “मग थकवा कशाचा?” त्याने जरा चिडूनच विचारलं. डॉक्टर म्हणाले, थकव्याला शंभर वाटा असतात. मन उदास असलं तरी येतो, कसली औषधं घेत असलात तरी येतो, फार बसून राहिलात तरी येतो. मग त्यांनी लेखणी खाली ठेवली. “घोरता का?”

“मी? छे.”

शेजारी बसलेली दोम्ना एकदाच हसली, तेही नाकातून.

त्यांनी फुप्फुसांच्या डॉक्टरकडे धाडलं. तिथला फोन सकाळी फक्त तासभर उचलतात, आणि नेमका त्याच वेळी अनेस्तिसला कचेरीत डुलकी लागायची. वेळ मिळाली तेव्हा संप होता. संप मिटला तेव्हा चिठ्ठीची मुदत संपली होती. नवी चिठ्ठी आणली तर खिडकीमागचा माणूस म्हणाला, “ही इथे नाही, वर.” वरचा म्हणाला, “ही वर नाही, खाली.” अनेस्तिस स्वतः खिडकीमागे बसणारा माणूस, आपणही लोकांना असंच वरखाली करतो हे त्याला ठाऊक होतं, पण ते इतकं दमवणारं असेल याची त्याला कल्पना नव्हती. अखेर थेसालोनिकीच्या एका इस्पितळात अंगाला वायरी लावून त्याला एक रात्र निजवलं.

सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. “तुम्ही झोपतच नाही,” त्या म्हणाल्या.

“बाई, मी दुसरं काही करतच नाही.”

“झोपेत तुमचा घसा मिटतो, श्वास अडतो आणि जीव गुदमरून तुम्ही जागे होता. पुन्हा झोपता, पुन्हा अडतो. रात्रभर हेच. सकाळी आठवत नाही, इतकंच. नाकावर मुखवटा लावून झोपायचं, यंत्र हवा आत ढकलत राहील. आणि पोट कमी करा, रात्रीची ती त्सिपुरोची दारू बंद.”

अनेस्तिसला आनंद झाला. आजार होता, त्याला लांबलचक नाव होतं आणि त्यात आळस कुठेच नव्हता. तो भिंतीवरचं फुप्फुसांचं चित्र बघत ते नाव पाठ करू लागला. म्हणून दोम्नाने हळूच काय विचारलं ते त्याला ऐकूच आलं नाही.

“श्वास थांबला की आपला आपण सुरू होतोच ना?”

“बहुतेक वेळा होतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दोम्नाने पदराचा चाळा करावा तशी पर्सची चेन उघडझाप केली.

यंत्राला मंजुरी देणारी समिती तिघांची होती आणि तिघे एकत्र आल्याशिवाय ती बसत नसे. दोघे हजर होते. तिसरे सतत थकवा येतो म्हणून रजेवर होते. अनेस्तिसने त्यांच्या घरचा पत्ता काढून त्यांना आपल्या आजाराचं नाव कळवलं. ते तपासून घ्यायला गेले, आणि समिती आणखी लांबली.

शेवटी यंत्र आलं. पहिल्या रात्री मुखवटा लावलेला अनेस्तिस आरशात बघून स्वतःच दचकला. दुसऱ्या दिवशी मात्र तो जागा झाला आणि पडल्या पडल्या वाट बघत राहिला, की थकवा येईल. तो आला नाही. त्याने उठून कित्येक वर्षं अडकलेली खिडकीची झडप दुरुस्त केली. जिना एका दमात चढला, आणि कारण नसताना पुन्हा उतरून पुन्हा चढला. कचेरीत दुपारच्या आत रांग संपवली. असं तीन दिवस चालल्यावर सहकारी त्याच्याशी बोलेनासे झाले, कारण रिकाम्या खिडकीसमोर बसून काम खूप आहे असं कुणालाच म्हणता येईना.

आणि मग एका संध्याकाळी एव्दोकिया मावशी डोकं धरून आली.

अनेस्तिसने बशी घेतली, तेल सोडलं, शब्द म्हटले. मग थांबला. पुन्हा म्हटले. त्याचं तोंड मिटलेलं ते मिटलेलंच. इतका ताजातवाना माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता.

“मावशी,” तो चाचरत म्हणाला, “तुम्हाला दृष्ट नाहीये.”

“नाहीये? मग डोकं कशाने फुटतंय माझं?”

“चष्म्याचा नंबर...”

ती तडक उठून गेली. दृष्ट नाही म्हणजे आपल्याकडे बघून जळावं असं कुणाला वाटत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता, आणि तो तिने बरोबर घेतला. महिन्याभरात घरी येणारी बशी मागे फिरली. लोक मागच्या गल्लीतल्या हाताआडच्या जांभईकडे जाऊ लागले. कॉफीच्या दुकानात अनेस्तिस शिरला की लोक सरकून बसायचे, पण उठायचं कुणी नाही. घरी तो येरझारा घालायचा. आता अंगात इतका जोर होता की बसवतही नव्हतं, आणि तो जोर घेऊन जायचं कुठे तेही कळत नव्हतं. आरशासमोर तोंड उघडून बघायचा, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाची सभा आठवायचा. त्याने राग यायचा, पण जांभई नाही. माणूस बरा झाला आणि त्याची किंमत गेली, असं त्याला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं.

अशात तिसऱ्या मजल्यावरच्या मिरोफोराच्या बाळाला चाळीस दिवस झाले. रीतीप्रमाणे आईबाळ घराबाहेर पडून पहिल्यांदा चर्चमध्ये गेली, पाद्रीबाबांचा आशीर्वाद घेतला आणि रविवारच्या गर्दीत सगळ्यांनी बाळाला बघून घेतलं. तिथून परत आल्यापासून ते जे रडायला लागलं ते थांबेचना. दूध घेईना, झोपेना. जिन्यात मावशीने निकाल दिला.

“एवढ्या नजरा पडल्या, आणखी काय व्हायचं? मागच्या गल्लीतलीच्या आवाक्यातलं नाही हे. पाच वाजता, दुपारची शांततेची वेळ संपली की, पोराला घेऊन तुझ्याकडे येतो आम्ही. सगळी इमारत येणार आहे. अनेस्तिस, शेवटचं सांगते, नीट कर.”

जेवण झाल्यावर अनेस्तिसने हिशेब केला. मुखवट्याशिवाय दोन-तीन तास झोपलं की उठल्यावर किमान चार दणदणीत जांभया येणारच. एकाच दुपारचा तर प्रश्न. त्याने पडदे ओढले, यंत्राची नळी गादीखाली ढकलली आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मग त्याच्या पाठीवर एक हात आला.

दोम्ना पलंगाच्या कडेला बसली होती. “लाव ते,” ती म्हणाली.

“आजच्या दिवस. पोराचा प्रश्न आहे गं.”

“पोराचा नाही, खुर्चीचा आहे. लाव.”

“तुला नाही कळायचं. माझ्याकडे ती एकच गोष्ट होती. जांभई.”

“मला नाही कळायचं?” दोम्नाचा आवाज खाली गेला, आणि ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. “तुझी ती जांभई कुणाच्या जिवावर चालली होती रे? एकोणीस वर्षं मी असा हात ठेवून पडलेय तुझ्या पाठीवर. श्वास थांबला की ढोसायचं. तू ‘हं’ करायचास आणि पुन्हा सुरू व्हायचास. डोळा लागला आणि ढोसायचं राहिलं तर, म्हणून डोळा लागूच दिला नाही. आणि सकाळी उठून तू म्हणणार, मी थकलो.”

अनेस्तिस उठून बसला. “मग सांगायचं नाहीस?”

“सांगितलं. तू म्हणालास, मी घोरत नाही.”

रोज सकाळी तिचे डोळे लाल दिसायचे, तेव्हा ती कांदा चिरत असेल असं त्याला वाटायचं. सकाळी सात वाजता कोण कांदा चिरतं, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत पडला नव्हता. स्वतःची इतकी लाज त्याला कपाळावर शिक्का होता तेव्हाही वाटली नव्हती. त्याने गादीखालची नळी ओढून काढली, मुखवटा लावला आणि आडवा झाला. दोम्नाने तरीही हात काढला नाही.

पाच वाजता इमारत आली. खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून लोक दाराशी उभे राहिले. मिरोफोरा पुढे बसली. केस कसेबसे बांधलेले, झबल्यासारखा उलटा घातलेला सदरा, मांडीवर लालबुंद होऊन किंचाळणारं बाळ. दोम्ना मागे भिंतीशी बसली होती. अनेस्तिसच्या गालांवर मुखवट्याच्या पट्ट्यांचे वळ होते आणि त्याचे डोळे स्वच्छ होते. त्याने बशी घेतली, तेल सोडलं, शब्द म्हटले.

काही झालं नाही.

“येईल, येईल,” दारातून कुणीतरी म्हणालं.

अनेस्तिसने तोंड उघडलं. जबडा मुद्दाम वाजवला, घशातून आवाजही काढला. मावशी पुढे वाकली आणि तिने त्याच्या तोंडात पाहिलं.

“दार उघडलंस,” ती म्हणाली, “पण आत कुणी नाही.”

त्याने तोंड मिटलं. अजून एकदा ढोंग करता आलं असतं. मागे भिंतीशी दोम्ना आपल्याकडेच बघते आहे हे त्याला न वळता कळलं. “येत नाही मला,” तो म्हणाला. “आता नाही येणार. मी झोपतो हल्ली.”

आणि तेवढ्यात मिरोफोराने जांभई दिली. चाळीस दिवस न झोपलेल्या बाईची जांभई होती ती. खांदे वर गेले, डोळ्यांतून धारा लागल्या, आवाज थेट पोटातून आला आणि संपेचना. लोकांनी छातीवर क्रूस काढले. बाळ आईच्या तोंडाकडे बघून थक्क झालं, रडणं विसरलं, त्याने स्वतः एक इवलीशी जांभई दिली आणि झोपून गेलं.

“थू-थू-थू,” मावशी कुजबुजली. “शक्ती हिच्यात गेली.”

“काका, मी काही केलं नाही,” मिरोफोरा घाबरून म्हणाली.

“ठाऊक आहे मला,” अनेस्तिस म्हणाला. “मीही कधी काही केलं नव्हतं. चल.”

बाळ कुणाच्या तरी हाती देऊन तो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला. मावशी दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा त्याने नळ पूर्ण सोडला. पाणीपट्टी विभागाच्या माणसाने आयुष्यात केलेली ती पहिली नासाडी. त्या आवाजाआड त्याने आजीचे शब्द मिरोफोराच्या कानात सांगितले. तिने जांभया देत देत ते पाठ केले. शेवटी तो म्हणाला, “आणि हे बघ, रात्री पोराला थोडा वेळ नवऱ्याकडे दे. कुणाची दृष्ट काढायची राहिली तरी चालेल.” खुर्ची गेली हे त्याला कळत होतं, आणि वाईटही वाटत होतं, पण वाटेल वाटेल म्हटलं होतं तेवढं नाही.

दोघं बाहेर आले तेव्हा सगळे भिंतीकडे बघत होते. एवढ्या माणसांत, खुर्चीवर बसल्या बसल्या, दोम्ना झोपली होती. मान कलली होती आणि तोंड उघडं होतं.

“बघितलंस?” मावशी म्हणाली. “हिलाही लागलीय. मिरोफोरा, बशी घे.”

“नाही, मावशी,” अनेस्तिस हळू म्हणाला. “हिची फक्त झोप राहिलीय. जा सगळे, आवाज न करता जा.”

मंडळी गेली. कुणीतरी जाताना त्याच्यासाठी आणलेली कुराबिएदेसची बशी उचलली आणि तिसऱ्या मजल्यावर नेली, तेही त्याने पाहिलं. मग तो दोम्नाशेजारी बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून ऐकू लागला. श्वास आत जात होता, बाहेर येत होता, कुठेही अडत नव्हता. तरीही त्याने हात काढला नाही.